भरून आणलेली मोटार पुन्हा पुन्हा जळते तेव्हा

पाणी उपसायची मोटार जळली, चेन-पुली लावून वर काढली, भरून (म्हणजे आतली जळलेली तार काढून नवी गुंडाळून) आणली, परत सोडली. पाणी आलं. आणि पंधरा-वीस दिवसांत परत तोच जळका वास. ज्यांच्या विहिरीवर किंवा बोअरवर हे चक्र सुरू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी मोटारी भरण्याच्याच कामात आहे, त्यामुळे मोटार जळली की माझं काम वाढतं. तरीही सांगतो : जी मोटार थोड्या दिवसांत दुसऱ्यांदा जळते, तिचं दुखणं बहुतेक वेळा मोटारीत नसतं. ते डीपीवर (म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर) असतं, पेटीत (स्टार्टरच्या डब्यात) असतं, केबलमध्ये असतं, नाहीतर विहिरीतल्या पाण्याच्या पातळीत असतं. ते शोधलं नाही तर कितीही चांगली तांब्याची तार भरली तरी ती जळणारच.

ऊस वाळत असतो, कांद्याची पाळी चुकलेली असते, त्यामुळे घाई होते हे मान्य. पण मोटार दुकानात दोन-तीन दिवस पडून असते. तेवढ्या वेळात शेतावरची तपासणी सहज होते. ती करा.

आधी जळलेली वाइंडिंग बघा

मोटार दुकानात टाकून निघून येऊ नका. उघडेपर्यंत थांबा. जळलेल्या वाइंडिंगकडे (आत गुंडाळलेल्या तारेकडे) नीट पाहिलं की अर्धं उत्तर तिथेच मिळतं, आणि तार कापून भंगारात गेली की तो पुरावाही जातो. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, हे अगदी आवर्जून.

थ्री फेज मोटारीत वाइंडिंगचे तीन संच असतात आणि त्यांचे गट स्टेटरमध्ये (मोटारीच्या न फिरणाऱ्या भागात) गोलाकार, एकाआड एक बसवलेले असतात. आता बघायचं ते हे. दोन गट कोळशासारखे काळे आणि त्यांच्या शेजारचा एक गट अगदी नव्यासारखा, तांबूस; पुन्हा दोन काळे, पुन्हा एक स्वच्छ. असं दिसलं तर एक फेज (विजेच्या तीन जिवंत तारांपैकी एक) गेलेला असताना मोटार चालत राहिली. ही स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधून जोडलेली मोटार. डेल्टात, म्हणजे एकीचं टोक दुसरीला असं त्रिकोणात जोडलेली असेल तर चित्र उलटं दिसतं : एक गट काळा आणि दोन स्वच्छ. स्टारमध्ये एक फेज गेला की उरलेल्या दोन वाइंडिंगमधूनच सगळा करंट जातो, तिसरी रिकामी राहते. डेल्टात एकच वाइंडिंग दोन जिवंत तारांच्या मधोमध सापडते आणि बाकीच्या दोघींच्या दुप्पट करंट तिच्यातून जातो.

सगळे गट सारखेच काळे पडले असतील तर फेज जाण्याचा संबंध नाही. मोटारीने बराच वेळ जास्त अँपिअर घेतले : व्होल्टेज कमी होतं, पंप जड झाला होता, बेअरिंग धरलं होतं, किंवा पाण्याबाहेर चालून तापली होती. आणि बाकी वाइंडिंग स्वच्छ असून एकाच जागी तार वितळून गाठ झाली असेल, स्लॉटच्या (तार बसवायच्या खाचेच्या) तोंडाशी बारीक खड्डा पडला असेल, तर तिथलं इन्सुलेशन फाटलं. भरताना तार सोलली गेली, पाणी शिरलं किंवा विजेचा झटका आला. भरणाऱ्याच्या कामाबद्दल विचारायचं ते मुख्यतः या शेवटच्या प्रकारात.

एक फेज कुठे मरतो

माझ्याकडे येणाऱ्या मोटारींत दोन काळे, एक स्वच्छ हे चित्र सगळ्यात जास्त दिसतं. म्हणून इथे जरा थांबतो.

चालू मोटारीचा एक फेज गेला तर ती थांबत नाही. घुंईं असा आवाज बदलतो, पाणी थोडं कमी येतं, पण फिरत राहते. उरलेल्या दोन तारांत करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो. रात्रीची पाळी असेल, तुम्ही दारं धरायला (पिकाला पाणी वळवायला) दुसऱ्या टोकाला असाल, तर तो आवाज कुणी ऐकणार नाही.

फेज जाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. डीपीवरची ग्रिप (फ्यूज धरणारा चिनीमातीचा ठोकळा) किंवा फ्यूजची तार उडते. वरच्या लाइनचा जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) सैल होतो. पेटीतली ग्रिप आतून करपते. स्टार्टरचे पॉइंट (एकमेकांना टेकून वीज जोडणारे तुकडे) खड्डे पडून एक पॉइंट टेकत नाही. अ‍ॅल्युमिनिअमची सर्व्हिस वायर तांब्याच्या तारेला नुसती पिळून जोडलेली असते आणि तो जोड पांढरा पडून तापत राहतो. पाण्यातल्या केबलचा जोड कुजतो. यातल्या पेटीतल्या जागा तुम्ही स्वतः तपासू शकता. मेन बंद करा, ग्रिपा काढून खिशात ठेवा, टेस्टरने खात्री करा आणि मग हात घाला. प्रत्येक लगचा (तारेच्या टोकाच्या चकतीचा) स्क्रू आवळून बघा. जिथे प्लॅस्टिक पिवळं किंवा तपकिरी पडलंय, तिथे जोड तापतोय. स्टार्टरचे पॉइंट काळे असतील तर एकवेळ चालेल, पण खड्डेखड्डे पडले असतील तर घासत बसू नका, तिन्ही पॉइंटांचा सेट बदला. एकच बदलला तर टेकण्यात फरक पडतो आणि पुन्हा तेच होतं.

पेटीत पाली आणि मुंग्या शिरतात, ही लहान गोष्ट समजू नका. उबेला म्हणून पाल पॉइंटच्या मध्ये जाऊन बसते, चिरडते आणि तो एक पॉइंट टेकेनासा होतो. केबल शिरते ती भोकं रबरी बुशने किंवा एमसीलने बुजवा. झाकणाला पॅकिंग लावा.

डीपीवर मात्र स्वतः चढायचं नाही. फ्यूज बांधायला चढून दरवर्षी माणसं जातात. लाइनमनलाच बोलवा, उशीर झाला तरी चालेल. महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. लाइनमन आला की त्याला एक विनंती करा : तिन्ही फेजला योग्य आकाराची फ्यूज तार घाला. एका फेजला जाड तार आणि दुसऱ्याला बारीक असली की बारीक वारंवार उडते आणि त्या डीपीवरच्या सगळ्यांच्या मोटारी दोन फेजवर चालतात.

प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्र) बसवलेला आहे, मग कशी जळली, हा प्रश्न बरेच जण विचारतात. स्वस्तातला प्रिव्हेंटर नुसतं व्होल्टेज बघतो. पण फिरत असलेली मोटार गेलेल्या फेजच्या तारेवर स्वतःच व्होल्टेज तयार करते. प्रिव्हेंटरला तिन्ही फेज जिवंत वाटतात आणि तो गप्प बसतो. करंट बघणारा प्रिव्हेंटर घ्या, ज्यातून मोटारीच्या तारा आरपार जातात. थोडा महाग पडतो, पण एकदा मोटार भरण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

आणि थ्री फेज नसण्याच्या वेळेत कपॅसिटर किंवा फेज स्प्लिटर लावून दोन फेजवर मोटार चालवण्याचा जो प्रकार आहे, त्याबद्दल स्पष्टच लिहितो : त्यात मोटार पूर्ण ताकद देत नाही आणि तिन्ही वाइंडिंगवर भार सारखा पडत नाही. ज्याच्याकडे हे जुगाड आहे आणि ज्याची मोटार वर्षात दोनदा जळते, त्याने आणखी कारण शोधायची गरज नाही.

कमी व्होल्टेज आणि ऑटो

थ्री फेजचं व्होल्टेज दोन फेजच्या मध्ये ४१५ असायला हवं. मोटारीची ओढण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे ४१५ च्या जागी ३३० मिळालं तर ताकद साधारण ६३ टक्क्यांवर येते. पाणी तर तेवढंच उपसायचं असतं, म्हणून मोटार जास्त अँपिअर ओढते आणि तापते. वाइंडिंगचं इन्सुलेशन मर्यादेपेक्षा १० अंशांनी जास्त तापत राहिलं तर त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना आडाखा आहे.

व्होल्टेज मोजायचं ते सकाळी लाइट नुकतीच आली असताना नाही आणि मोटार बंद ठेवूनही नाही. आजूबाजूच्या सगळ्यांच्या मोटारी चालू असताना, आपली चालू ठेवून, स्टार्टरच्या खालच्या बाजूला, म्हणजे जिथून केबल मोटारीकडे जाते तिथे मोजा. तिन्ही जोड्या मोजून लिहून ठेवा. हे काम हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या, कारण ते जिवंत तारेवरचं आहे.

तिन्ही आकडे कमी आहेत एवढंच बघून थांबू नका, त्यांच्यातला फरक बघा. समजा ४००, ३९० आणि ३७० मिळाले. सरासरी साधारण ३८७, आणि सगळ्यात लांबचा आकडा १७ ने दूर, म्हणजे ४ टक्क्यांहून जास्त असमतोल. दिसायला हा फरक किरकोळ वाटतो. पण व्होल्टेजमध्ये जेवढे टक्के फरक, त्याच्या कितीतरी पट फरक करंटमध्ये पडतो. साडेतीन टक्क्यांच्या असमतोलानेच मोटारीची तापमानवाढ सुमारे एक चतुर्थांशाने वाढते. ५ टक्क्यांवर गेला तर मोटार चालवूच नका. हा असमतोल बहुधा डीपीवरून येतो : घरगुती आणि वस्तीवरची जोडणी एकाच फेजवर जास्त झालेली असते, किंवा न्यूट्रल सैल असतो. तीन आकडे कागदावर लिहून नेले की वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात बोलणं सोपं जातं. नुसतं ‘व्होल्टेज नाही साहेब’ म्हटलं की ते रोजचंच गाऱ्हाणं होतं. आकडे, तारीख आणि वेळ घातलेला अर्ज दिला, पोच घेतली, की त्याची दखल घ्यावी लागते.

आता ऑटो स्विच, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारा. रात्री दोनला लाइट येणार, थंडीत कोण उठून जाणार, विंचूकाट्याची, बिबट्याची भीती, म्हणून लोक ऑटो बसवतात. त्यामागची अडचण खरी आहे. पण सुरू होताना मोटार नेहमीच्या करंटच्या सहा पट करंट ओढते. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी ऑटोवर असतील आणि लाइट आली की सगळ्या एकाच क्षणाला सुटत असतील, तर व्होल्टेज एवढं कोसळतं की कुठलीच मोटार पुरा वेग धरू शकत नाही. त्या नुसत्या हुंकार देत सहा पट करंट ओढत राहतात. डीपीचा फ्यूज उडतो तो इथेच, आणि एकच उडाला की आधी लिहिलेलं सगळं सुरू होतं. महावितरण कितीतरी वर्षं ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा असं आवाहन करतंय, ते यासाठीच.

ऑटो काढणं कुणाला शक्यच नसेल तर निदान टाइम डिले असलेला घ्या आणि डीपीवरच्या सगळ्यांनी बसून वेळा वाटून घ्या : पहिल्याची एका मिनिटाने, दुसऱ्याची दोन मिनिटांनी, तिसऱ्याची तीन. एवढ्या एका गोष्टीने डीपी वाचते आणि मोटारीही वाचतात. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, पैसेही फारसे लागत नाहीत. भावकीत बोलणं बंद असेल तर तेवढ्यापुरतं सुरू करावं लागतं.

कपॅसिटरचंही तसंच आहे. ३ एचपीला १ केव्हीएआर (हे कपॅसिटरचं माप), ५ ला २, साडेसातला ३, १० ला ४ असा साधारण हिशेब धरतात. मोटारीला लागणारा करंटचा एक भाग कपॅसिटर जागेवरच पुरवतो, लाइनवरचा ताण कमी होतो आणि डीपीच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज सुधारतं. एकट्याने बसवून फारसा फरक दिसत नाही. सगळ्यांनी बसवला की दिसतो. जुना कपॅसिटर फुगला असेल, तेल गळत असेल तर तो नुसता शोभेला आहे. बदलून टाका.

केबल बारीक तर नाही ना

डीपीपासून विहीर लांब असेल तर अर्धं व्होल्टेज वाटेतच जातंय असं वाटतं, ते अगदीच खोटं नाही. ५ एचपीची मोटार ८ अँपिअर घेत असेल आणि २०० मीटर तांब्याची केबल असेल, तर दीड चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये २८ व्होल्टच्या आसपास पडतात, अडीचच्या केबलमध्ये १७ आणि चारच्या केबलमध्ये ११. अ‍ॅल्युमिनिअमची असेल तर याहून जाड लागते. आधीच ३६० मिळतंय आणि त्यातले २८ केबलने खाल्ले, तर मोटारीला काय उरलं? केबल घेताना दुकानदार एचपी विचारतो, अंतर विचारत नाही. तुम्ही सांगा.

रिले काढून टाकलाय का?

रिले म्हणजे अँपिअर जास्त झाले की मोटार बंद करणारा पेटीतला भाग. दुकानात त्याबद्दल हे संभाषण इतक्या वेळा होतं की तसंच लिहितो.

“दादा, मोटार तर नुकतीच भरली होती, मग जळली कशी?”

“तात्या, पेटीतला रिले किती अँपिअरवर लावलाय?”

“तो डायरेक्ट केलाय. सारखा ट्रिप व्हायचा, निम्मं वावर भिजायचं राहायचं.”

रिले सारखा ट्रिप होत होता म्हणजे तो सांगत होता की मोटार जास्त अँपिअर घेतेय. त्याला काढलं की मोटार जळण्याशिवाय दुसरा मार्ग राहत नाही. रिलेची तबकडी मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर लावा, फार तर त्याच्या किंचित वर. साध्या ५ एचपीच्या मोटारीला साडेसातच्या आसपास, पाणबुडीला थोडे जास्त लागतात, पण धरायचा तो पाटीवरचाच आकडा.

इथे स्टार-डेल्टा (मोटार स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टात टाकणारा स्टार्टर) वापरणाऱ्यांची एक फसगत होते आणि ती फार जणांना माहीत नसते. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुतेक वेळा वाइंडिंगच्या वाटेवर बसवलेला असतो, लाइनवर नाही. त्याच्यातून पूर्ण करंट जात नाही. पाटीवरच्या आकड्याच्या ५८ टक्केच जातो. म्हणजे पाटीवर १५ अँपिअर असतील तर रिले पावणेनऊवर लावायचा. १५ वर लावला तर तो आहे आणि नाही, दोन्ही सारखंच. कितीतरी १० आणि साडेबारा एचपीच्या मोटारी पेटीत चांगला रिले असूनही अशाच गेल्यात. वायरमनला विचारा, रिले वाइंडिंगच्या वाटेवर (फेजवर) आहे की लाइनवर, आणि त्याप्रमाणे लावून घ्या.

विहिरीतली कारणं

उन्हाळ्यात बोअरचं पाणी तुटतं आणि पंप हवा ओढायला लागतो. पाणबुडी मोटारीला थंड करणारं पाणीच असतं, बेअरिंगलाही वंगण पाण्याचंच. कोरडी चालली की काही मिनिटांतच ती आतून बिघडायला लागते. यात लोकांना एक कोडं पडतं : रिले का पडला नाही? पाणी नसलं की मोटारीवर भार राहत नाही, म्हणून अँपिअर वाढत नाहीत, उलट कमी होतात. रिले फक्त जास्त करंटला पडतो. म्हणून कोरड्या चालण्यासाठी वेगळा ड्राय रन प्रिव्हेंटर लागतो, जो करंट कमी झाला की मोटार बंद करतो. किंवा बोअरमध्ये सेन्सर सोडलेला लेव्हल गार्ड. फेब्रुवारीनंतर ज्यांचा बोअर गुळण्या टाकतो त्यांनी हे बसवल्याशिवाय मोटार चालवू नये.

याच्या उलटं कारण पावसाळ्यानंतर येतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. विहीर तुडुंब भरलेली असते, पाणी मुबलक, लोक खूश, आणि मोटार जळते. खोल पाण्यासाठी घेतलेला पंप कमी उंचीवर चालायला लागला की पाणी जास्त फेकतो, आणि जास्त पाणी म्हणजे जास्त भार. विहिरीवरच्या मोनोब्लॉकला (पाण्याबाहेरच्या मोटार-पंपाला) आणि ओपनवेलला (विहिरीत बुडवायच्या पंपाला) हे विशेष लागू आहे. पाइपलाइन फुटून पाणी जवळच सांडत असेल तरी हेच होतं. उपाय एकदम सोपा : डिलिव्हरीच्या पाइपवरचा कॉक थोडा आवळा. टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखं धरून अँपिअर मोजणारं मीटर) लावून बघत बघत आवळत गेलं की अँपिअर डोळ्यांसमोर खाली येतात. पाटीवरच्या आकड्याच्या आत आले की तिथेच थांबा आणि कॉकवर खूण करून ठेवा.

बोअरची पाणबुडी मोटार रुंद विहिरीत सोडली असेल तर आणखी एक अडचण. बोअरमध्ये पाणी मोटारीच्या अंगाला घासून वर जातं, त्यामुळे ती थंड राहते. विहिरीत तसं होत नाही. पाणी पंपाच्या तोंडाकडे आजूबाजूने येतं आणि खालची मोटार साचलेल्या पाण्यात तापत राहते. तिच्यावर पाइपचं कव्हर बसवून घ्या, म्हणजे पाण्याला मोटारीच्या अंगावरूनच जावं लागेल. आणि तळाच्या गाळात टेकवू नका. गाळात रुतलेल्या मोटारीची उष्णता बाहेर पडत नाही.

विजेच्या लाइनचं काम झाल्यावर कधी फेजचा क्रम बदलतो आणि पंप उलटा फिरतो. पाणी येतं, पण निम्मं. अशा वेळी लोक पंप खराब म्हणून मोटार काढतात. आधी पेटीतल्या कोणत्याही दोन तारा अदलाबदल करून बघा.

भरायला टाकताना

जुनी तार काढल्यावर तिचं वजन करायला सांगा आणि नवी किती घातली तेही विचारा. फार तफावत असेल तर गेज किंवा वेढे बदललेत. तांब्याच्या जागी अ‍ॅल्युमिनिअम घातलेली मोटार सुरुवातीला चालते, पण जास्त तापते. पाणबुडीला पॉलीचं आवरण असलेलीच तार लागते. जुनी वाइंडिंग काढण्यासाठी स्टेटर भट्टीत किंवा गॅसने लाल होईपर्यंत तापवणाऱ्याकडे मोटार देऊ नका; त्याने पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि पुढे कितीही चांगली भरली तरी ती मोटार कायमची तापट होते. थ्रस्ट बेअरिंग, बुश आणि पंपाचे पंखे त्याच वेळी बघून घ्या. शाफ्ट हाताने फिरवा. अडखळत असेल तर दोष वाइंडिंगच्या बाहेर आहे आणि नुसतं भरून तो जाणार नाही.

परत सोडताना

आत पाणी भरायची पाणबुडी मोटार असेल तर सोडण्याआधी दोन्ही प्लग उघडून स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरा, थोडा वेळ ठेवा, हवेचे बुडबुडे निघू द्या, पुन्हा भरा. हे न करता सोडलेल्या मोटारीची बेअरिंगं कोरडीच सुरू होतात. केबलचा जोड बांधून झाला की तो बादलीभर पाण्यात बुडवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायला सांगा. ५०० व्होल्टच्या मेगरवर निदान १ मेगओहम तरी दाखवला पाहिजे. नवीन भरलेली मोटार त्याहून पुष्कळ जास्त दाखवते. कमी दाखवत असेल तर तिथेच थांबा, विहिरीत सोडल्यावर ती सुधारणार नाही. अर्थिंगची तार जोडलेली आहे ना, आणि ती जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत अखंड आहे ना, तेही बघून घ्या. पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मोटारीआधी माणसाचा प्रश्न आहे.

मोटार सोडून चालू केली की पहिल्या अर्ध्या तासात टाँग टेस्टरने तिन्ही तारांचे अँपिअर घ्या. तिन्ही जवळजवळ सारखे आणि पाटीच्या आत असले तर ते आकडे, व्होल्टेज आणि तारीख कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या वेळी काही वेगळं वाटलं की तुलना करायला आकडे तयार राहतात.

एखाद्या तारेत अँपिअर जास्त दिसले तर दोष लाइनचा की मोटारीचा, हे ओळखायची एक पक्की रीत आहे. मोटार बंद करून, मेन पाडून, पेटीतून निघणाऱ्या मोटारीच्या तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवा : पहिली दुसऱ्याच्या जागी, दुसरी तिसऱ्याच्या, तिसरी पहिल्याच्या. अशाने फिरण्याची दिशा बदलत नाही. चालू करून पुन्हा मोजा. मग आणखी एक घर सरकवून तिसऱ्यांदा. जास्तीचा आकडा दर वेळी पेटीतल्या त्याच फेजवर राहिला, तर लाइनमध्ये असमतोल आहे आणि मोटारीला हात लावायची गरज नाही. जास्तीचा आकडा मोटारीच्या त्याच तारेबरोबर घरं बदलत फिरला, तर दोष केबलमध्ये किंवा वाइंडिंगमध्ये आहे. मोटार लगेच बंद करा, भरणाऱ्याला शेतावर बोलवा आणि तीन वेळचे नऊ आकडे त्याच्या हातात द्या.